जाळीमागचा माणूस : विल्हेल्म मायबाख

मित्रांनो, ऑटो सायकल आणि डिझेल सायकल आपण सगळ्यांनी पाठ केलेल्या आहेत. ऑटो आणि डिझेल ही माणसांची नावं आहेत हेही व्हायवाच्या भीतीने का होईना, पण माहीत झालेलं आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटी इंजिन कूलिंग नावाचं एक छोटंसं प्रकरण असतं. बहुतेक जण ते ऑप्शनला टाकतात. त्या प्रकरणात कुठल्याच माणसाचं नाव नाही. मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते या बिननावाच्या प्रकरणातले गृहस्थ आहेत. त्यांचं नाव विल्हेल्म मायबाख.

नाव ओळखीचं वाटलं ना? होस्टेलच्या भिंतींवर ज्या महागड्या गाड्यांची पोस्टर्स असतात त्यात एखादी मेबॅक असतेच. जर्मन उच्चार मायबाख. गंमत अशी की ते नाव लावलेली गाडी विल्हेल्म यांनी काढलीच नव्हती, ती त्यांच्या मुलाने काढली. त्यांनी स्वतः जे घडवलं ते आज रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या तोंडाशी बसलेलं आहे, आणि त्यावर त्यांचं नाव नाही.

विल्हेल्म यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा. वडील सुतार. पाच भाऊ. विल्हेल्म आठ वर्षांचे असताना आई गेली आणि दहा वर्षांचे असताना वडीलही गेले. या पोरक्या मुलांबद्दलची सूचना वर्तमानपत्रात छापून आली. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक अनाथ मुलांसाठी ब्रुडरहाउस नावाची संस्था चालवत. त्यांनी या मुलाला ठेवून घेतलं.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा दहाव्या वर्षापासून होस्टेलाइट! फरक एवढाच, की आपल्याला सुट्टीत जायला घर असतं. संस्थेचे स्वतःचे कारखाने होते आणि मुलं तिथेच काम शिकायची. विल्हेल्मचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला आहे हे वेर्नर यांच्या लक्षात आलं. पंधराव्या वर्षी त्याला संस्थेच्या ड्रॉइंग ऑफिसात घातलं, आणि गणित व फिजिक्ससाठी गावातल्या शाळेत जायची परवानगी दिली. एकोणिसाव्या वर्षी तो तयार डिझायनर झाला होता. आपण एकोणिसाव्या वर्षी रात्री दोन वाजता काचेखाली ट्यूबलाइट लावून मित्राच्या शीटवरून जीटी मारत असतो, हे इथे लिहिलं नाही तरी चालेल.

याच कारखान्यात गॉटलीब डाइमलर मॅनेजर म्हणून आले. डाइमलर बारा वर्षांनी मोठे. त्यांना हा मुलगा आवडला आणि पुढची पस्तीस वर्षं दोघांची जोडी टिकली. डाइमलर कार्ल्सरूहला गेले, १८६९ मध्ये मायबाखही तिथे गेले. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ इथल्या गॅस इंजिनाच्या कारखान्यात गेले, मायबाखही गेले आणि तिथे मुख्य डिझायनर झाले. हा कारखाना निकोलाउस ऑटो यांचा, म्हणजे आपल्या ऑटो सायकलवाल्यांचा. १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन तिथेच चाललं. ते कारखान्यात बनवता येईल, विकता येईल अशा रूपात आणायचं काम मायबाख यांच्याकडे होतं. पुस्तकात नाव ऑटोंचं आलं, आणि ते योग्यच आहे. पण ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला माणूस पुस्तकात येत नाही.

डाइमलर आणि ऑटो यांचं पटेना. १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडले आणि स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावी त्यांनी बंगला घेतला. मायबाख पुन्हा त्यांच्या मागे. बंगल्याच्या बागेतल्या काचेच्या खोलीत दोघांनी वर्कशॉप थाटलं. काम इतकं गुपचूप चालायचं, की इथे खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला आणि पोलिसांची धाड पडली अशी गोष्ट सांगतात. पोलिसांना तिथे इंजिनच सापडलं.

आता इथून खरा मुद्दा सुरू होतो, तेव्हा कूलिंगचं प्रकरण ऑप्शनला टाकणाऱ्यांनीही वाचावं.

ऑटोंचं इंजिन अवजड होतं आणि मिनिटाला जेमतेम १८० फेरे घ्यायचं. ते एका जागी बसलेलं असायचं. शेजारी मोठी पाण्याची टाकी ठेवली की प्रश्न मिटला. डाइमलर आणि मायबाख यांना इंजिन गाडीवर बसवायचं होतं, म्हणजे ते लहान हवं. लहान इंजिनातून ताकद काढायची तर ते जोरात फिरायला हवं. त्यांनी ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नेलं. १८८५ मध्ये ते लाकडी दुचाकीवर बसलं, १८८६ मध्ये चारचाकी बग्गीवर. पण फेरे वाढले की तितक्या वेळा इंधन जळतं आणि तितकी उष्णता तयार होते. इंजिनात जाळलेल्या इंधनापैकी चाकांपर्यंत पोचतो तो लहान हिस्सा. बाकीची सगळी उष्णता, थोडी धुरावाटे आणि थोडी सिलिंडरच्या भिंतीतून. भिंतीतली उष्णता बाहेर काढली नाही तर पिस्टन धरतो आणि इंजिन संपतं. टाकी गाडीवर लादावी तर सगळी ताकद पाणी वाहण्यातच जायची.

म्हणजे गाडी किती ताकदवान होणार हे इंजिनाइतकंच पाण्यावर अवलंबून होतं. हे मायबाख यांनी ओळखलं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची स्टीलच्या चाकांची गाडी होती. तिच्या नळ्यांच्या सांगाड्यातूनच त्यांनी थंड करायचं पाणी फिरवलं होतं. सांगाडाच रेडिएटर!

१८९० मध्ये डाइमलर यांच्या नावाची कंपनी निघाली. पैसा भागीदारांचा होता आणि त्यांचा मोटारगाडीवर विश्वास नव्हता, त्यांना जागेवर बसणारी इंजिनं विकायची होती. मायबाख यांना पटतील अशा अटी कुणी देईना. फेब्रुवारी १८९१ मध्ये ते बाहेर पडले. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी नाही. आधी घरी आणि मग बंद पडलेल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, डाइमलर यांच्या पैशावर, त्यांनी काम चालू ठेवलं. पेट्रोल बारीक छिद्रातून फवारणारा कार्ब्युरेटर त्यांनी तिथे १८९३ मध्ये केला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. १८९५ मध्ये एका इंग्रज उद्योजकाने डाइमलर यांना परत आणा असा आग्रह धरला, तेव्हा दोघेही कंपनीत परतले आणि मायबाख टेक्निकल डायरेक्टर झाले.

१८९६ मध्ये कंपनीने जगातला पहिला मोटर ट्रक विकला. इंजिन ४ हॉर्सपॉवरचं, माल दीड टन, आणि गिऱ्हाईक लंडनचं. १८९७ मध्ये मायबाख यांनी नळ्यांचा रेडिएटर केला आणि त्यावर पंख्याची हवा मारली.

मार्च १९०० हा महिना वाईट गेला. ६ तारखेला डाइमलर वारले. ३० तारखेला फ्रान्समधल्या नीसजवळ, ला तुर्बीच्या चढावरच्या शर्यतीत कंपनीची गाडी आपटली आणि चालक विल्हेल्म बाउअर यांचा त्यात मृत्यू झाला. ती गाडी उंच, आखूड आणि डोक्यात जड होती. कंपनीत शर्यती सोडून द्यायची भाषा सुरू झाली. पण एमिल येलिनेक नावाचे एक श्रीमंत विक्रेते ऐकेनात. त्यांनी ३६ गाड्यांची ऑर्डर दिली. अट अशी, की गाडी लांब, रुंद आणि बुटकी हवी, ताकद जास्त हवी आणि नाव माझ्या मुलीचं हवं. मुलीचं नाव मर्सिडीज.

३५ हॉर्सपॉवर! त्या काळी हा आकडा फार मोठा होता. एवढ्या ताकदीची उष्णता बुटक्या गाडीतून बाहेर काढायची कशी? मायबाख यांनी पितळी नळ्यांचं पोळं बांधलं. ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, तब्बल ८०७०. नळ्यांतून हवा जाणार आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. मागे पंखा.

मी हे कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. या सगळ्या नळ्यांच्या तोंडांचं क्षेत्रफळ होतं सुमारे ०.२९ चौरस मीटर. तेवढ्याच तोंडाची एकच चौकोनी नळी घेतली तर तिचा परीघ सव्वादोन मीटरच्या आत येतो. ८०७० नळ्यांचे परीघ मिळवले तर १९३ मीटरच्या वर जातात. म्हणजे जागा तीच, पण हवा आणि पाणी एकमेकांना भेटण्याची भिंत नव्वदपट! गाडीत लागणारं पाणी १८ लिटरवरून ९ लिटरवर आलं.

२२ डिसेंबर १९०० ला पहिली गाडी येलिनेक यांच्या हाती गेली. मार्च १९०१ मध्ये त्याच नीसमध्ये या गाड्यांनी लांब पल्ल्याची, वेगाची आणि चढाची अशा सगळ्या शर्यती मारल्या. ज्या ला तुर्बीच्या रस्त्यावर बाउअर गेले, तोच चढ नव्या गाडीने ताशी सरासरी ५१.४ किलोमीटरने पार केला. त्याआधीचा विक्रम ३१.३ चा होता.

आता या पोळ्याची दुसरी बाजू. नळ्या वाढल्या म्हणजे सांधे वाढले, आणि सांधे वाढले म्हणजे गळायच्या जागा वाढल्या. मायबाख यांनी सोय दिली तसं हे दुखणंही दिलं. ते कसं ओळखायचं हे पुस्तकात नीट सापडत नाही. मला ते आमच्या अंगणात शिकायला मिळालं, म्हणून इथे लिहिते.

माझ्या काकांचा ट्रक आहे. ऊस कारखान्यांचा सीझन तोंडावर होता, बँकेचा हप्ता चालू होता, आणि गाडी चढाला गरम व्हायची. रोज दोन-तीन लिटर पाणी कमी व्हायचं, पण खाली जमिनीवर एक थेंब नाही. एका गॅरेजमध्ये हेडगॅस्केट गेलं असेल, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. त्या खर्चात हप्ता बसला नसता. काका शांत माणूस. त्यांनी ठरवलं की खोलण्याआधी पाणी नक्की कुठे जातं ते बघायचं. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते, त्यामुळे टॉर्च धरायचं काम माझ्याकडे.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडली. (गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि कॅप उघडताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते.) पहिली तपासणी हेडगॅस्केटची. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सतत येत नव्हते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत नव्हती. म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जात नसावं.

मग हातपंपासारखं प्रेशर टेस्टर मागून आणलं. ते कॅपच्या जागी बसवून कॅपवर लिहिलेला असतो तेवढा दाब भरला आणि थांबलो. काटा हळूहळू खाली यायला लागला. वॉटर पंपाखालचं भोक कोरडं. होजपाइप दाबून पाहिले, चिरा नव्हत्या. शेवटी टॉर्च वरच्या टाकीवर मारला. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे जोडलेली असते त्या शिवणीवर हिरवट-पांढरी खपली होती. तिथेच बारीक ओल दिसली. गाडी गरम असताना तिथून फवारा उडायचा आणि तापलेल्या जाळीवर सुकून जायचा, म्हणून जमिनीवर थेंब नाही. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असते तर रेडिएटरवाल्याने डाग देऊन काम भागवलं असतं. प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही, म्हणून नवा आणला. बॅटरीची वायर काढली. खालचा कॉक उघडून कूलंट बादलीत घेतलं आणि बादली लगेच झाकली, कारण ते चवीला गोड पण विषारी असतं आणि अंगणात कुत्री-शेळ्या असतात. होजपाइपच्या क्लिपा सोडवल्या, पंख्याभोवतीचं कव्हर मागे सरकवलं, बोल्ट काढले आणि काका, चुलतभाऊ आणि मी अशा तिघांनी रेडिएटर उचलून बाहेर काढला.

तेव्हा खरं कारण दिसलं. रेडिएटर ज्या रबरांवर बसतो ती खालची दोन्ही रबरं दगडासारखी कडक झाली होती. खड्ड्यांत चासी पिळली की तो पीळ रबराने खायचा असतो. ते काम रबर करत नव्हतं, म्हणून तो शिवणीवर येत होता. जुन्याच रबरांवर नवा रेडिएटर बसवला असता तर तोही तिथेच फुटला असता. रबरं, होजपाइप आणि कॅप नवीन घातली. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं करून सावकाश ओतलं, म्हणजे आतली हवा वर यायला वेळ मिळतो. कॅप न लावता इंजिन चालू ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी झपकन खाली गेली, ती पुन्हा भरली आणि कॅप लावली. गार झाल्यावर पुन्हा टेस्टर लावला. पंधरा मिनिटं काटा हलला नाही. सीझनच्या पहिल्या दिवशी गाडी उसाला गेली.

त्या उघड्या रेडिएटरकडे पाहताना लक्षात आलं, की आता उलट झालं आहे. पाणी चपट्या नळ्यांतून जातं आणि हवा पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांतून. पण तत्त्व मायबाख यांचंच, थोड्या जागेत जास्तीत जास्त भिंत. आणखी एक गंमत, रेडिएटर हे नावच चुकीचं आहे. यात उष्णता रेडिएशनने फारशी जात नाही, वाहत्या हवेबरोबर कन्व्हेक्शनने जाते. व्हायवाला विचारतात, लक्षात ठेवा.

मर्सिडीज गाजली. येलिनेक यांच्या मुलीचं नाव जगभर झालं, डाइमलर यांचं नाव कंपनीवर राहिलं. मायबाख यांना फ्रेंच लोक डिझायनरांचा राजा म्हणू लागले, पण खुद्द कंपनीत त्यांचं महत्त्व कमी होत गेलं. मित्र गेला होता, बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. १९०७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपनी सोडली.

१९०८ मध्ये काउंट झेपेलिन यांचं हवाई जहाज इंजिनाच्या बिघाडामुळे खाली उतरवावं लागलं आणि वादळात जळून गेलं. मायबाख यांनी झेपेलिन यांना चांगल्या इंजिनाचा प्रस्ताव दिला. १९०९ मध्ये नवी कंपनी निघाली आणि तिचं तांत्रिक काम त्यांचा मुलगा कार्ल पाहू लागला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिनं करायला बंदी झाली, तेव्हा कार्ल यांनी १९२१ मध्ये मोटारगाडी आणली. पोस्टरवरची मेबॅक ती ही. विल्हेल्म यांना १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ज्याने कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला! २९ डिसेंबर १९२९ रोजी ते वारले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच तेही आहेत.

त्यांच्या कामाचा आपल्याशीही संबंध आला. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पंधरा वर्षं चाललेल्या त्या करारातल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांनी आपल्या मागच्या पिढीचे घाट चढले. त्या प्रत्येकाच्या तोंडाशी जाळी होती.

मित्रांनो, प्लेसमेंटच्या वेळी सगळ्यांनाच इंजिन व्हायचं असतं, रेडिएटर व्हायला कुणी तयार नसतं. मायबाख यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या कंपनीत, दुसऱ्याच्या मुलीच्या नावाच्या गाडीसाठी काम केलं. मला वाटतं त्यांनाही कधीतरी वाईट वाटलं असेल. पण काम त्यांनी पातळ केलं नाही. वर्कशॉपच्या मागे भंगारात एखादा जुना रेडिएटर पडलेला असतोच. एकदा जाऊन त्याच्या जाळीला डोळा लावून बघा, आणि त्या दहा वर्षांच्या पोरक्या मुलाची आठवण काढा.